मागील बाकी

दस्त झाला, पेढे वाटले, किल्ल्या तीन मिळाल्या,
त्यातली एक कुठल्याच कुलपाला लागत नाही.
आठव्या दिवशी दारात लाइटबिल :
श्री. किरीटभाई मोहनलाल भावसार.
चालू आकार तीनशे बारा.
मागील बाकी एकतीस हजार चारशे साठ.

वाघोडिया रोडवरचं हे दोन खोल्यांचं टेनामेंट
मी घेतलं फंड मोडून,
आईच्या पाटल्या मोडून,
आणि मोडायला काही उरलं नाही तेव्हा
भावाशी धरलेला अबोला मोडून.
दस्तात स्पष्ट होतं : निर्वेध, बोजारहित.

वीज कंपनीच्या खिडकीत कारकून
चहा बशीत ओतत म्हणाला,
"मीटर माणसने ओळखतुं नथी, बेन. घरने ओळखे छे."
मी म्हटलं, हे मी वापरलेलं नाही.
"कोईए तो वापर्युं ने?"
आणि बशी एका घोटात संपवली.

मग गॅसचं आलं. मग दोन वर्षांचा वेरो.
पेपरवाला आला, डायरी घेऊनच.
कोपऱ्यावरचा पानवाला माझ्याकडे असा बघे
जणू त्याचे एकशे चाळीस मावे
मीच खाल्लेत, रात्री, दार लावून.

फोन लागायचा नाही. एकदा लागला,
मी "खानविलकर बोलतेय" म्हणेपर्यंत कापला.
दलाल सांगे, आणंदला आहे मुलाकडे.
मंगुबेन सांगत, कुठला मुलगा?

माळ्यावर जुन्या बिलांची चळत सापडली, सुतळीने बांधलेली.
माणूस बाकी ठेवणारा, पण टापटिपीचा.
मे महिन्यात सातशे युनिट.
डिसेंबरात अकराशे.
मी दोनदा वाचलं. थंडीत कोण इतकी वीज जाळतं?
तेव्हा पहिल्यांदा पुढच्या खोलीकडे नीट पाहिलं :
कमरेच्या उंचीवर अकरा प्लग,
भिंतीवर चुन्यासारख्या आडव्या पांढऱ्या रेघा,
मोरीच्या जाळीत अडकलेले निळे खडे,
मुगाच्या दाण्याएवढे.

"माछली," मंगुबेन म्हणाल्या. "पचास पेटी.
प्रत्येकीला पंप, प्रत्येकीला हीटर.
जानेवारीत लाइन कापली ना, एका रातमां बधुं गयुं.
सकाळी तो मागे खड्डा खणत होता,
कढीलिंबापाशी."

त्या कढीलिंबाची पानं
मी दोन महिने आमटीत घालत होते.
त्या दिवशी घातली नाहीत.
दुसऱ्या दिवशी घातली.

चार हप्ते करून मिळाले.
प्रत्येक पावतीवर : किरीटभाई भावसार यांजकडून साभार जमा.
माझे पैसे, त्याचे आभार.
नाव बदलायचा अर्ज आधी बाकी भरल्याशिवाय घेत नाहीत,
म्हणून वर्षभर मी त्याच्या नावाने पंखा लावते,
त्याच्या नावाने इस्त्री करते.
कधी रात्री दिवा राहिला तर
पोटात गोळा येतो, त्याच्या वतीने.

आणि काल एक मुलगा. नऊ-दहा वर्षांचा,
हातात धुतलेली जॅमची बाटली.
"अंकलने बुकिंग घेतलं होतं. वीस रुपये. दोन गप्पी."
मी म्हटलं, ते गेले रे इथून.
तो दाराकडे पाहून म्हणाला, "पण घर तर हेच ना?"

सगळ्यांशी भांडले होते मी,
कारकुनाशी, दलालाशी, पानवाल्याशीसुद्धा,
इथे मात्र तोंडून निघालं, शनिवारी ये.

गप्पी आता वीसला एक झाली आहे.
दोन घेतल्या, शिवाय हातभर नळीचा पंप,
कारण दुकानदार म्हणाला, नाहीतर टिकणार नाहीत.
अकरातल्या एका प्लगला लावला. चालतोय.
शनिवार झाला, रविवार झाला.
आज मंगळवार. मुलगा आलेला नाही.
बाटली माझ्याकडेच आहे,
आणि बाहेर मीटर फिरतंय,
हळू, पण फिरतंय.